तिसरा हिस्सा : बडोद्याच्या ग्रंथालय-योजनेकडे पुन्हा पाहताना

बडोद्याच्या ग्रंथालय-चळवळीवर मराठीत जे लिहिलं जातं त्याचा एक साचा ठरून गेलाय. सुरुवात सयाजीराव महाराजांच्या अमेरिकेच्या प्रवासाने होते. मग १९१० साली बॉर्डन साहेब येतात. मग मध्यवर्ती ग्रंथालयाचे काचेचे मजले, गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या, मॅजिक लँटर्नचे खेळ, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘आज मात्र या वारशाची दुरवस्था पाहून खेद वाटतो’ हे वाक्य. मी स्वतः असे दोन लेख लिहिलेत, त्यातला एक आपल्याच मंडळात वाचलाय. तेव्हा पुढे जी टीका आहे ती आधी माझ्यावर आहे.

या लेखनातली माहिती बहुतेक वेळा खरी असते. माझा आक्षेप त्यातल्या कारणमीमांसेवर आहे. दानशूर राजा होता म्हणून ग्रंथालयं झाली, राजा गेला म्हणून ती मोडकळीला आली, असं आपण मांडतो आणि थांबतो. पण ती योजना दानावर चाललेली नव्हती. ती हिशोबावर चाललेली होती. तो हिशोब नीट वाचला तर दोन गोष्टी दिसतात : ती इतकी वर्षं का चालली, आणि आपल्याला आज जे वाचवायचंय, म्हणजे स्थानिक इतिहासाची जुनी कागदपत्रं आणि छापील चिठ्ठ्या-चपाट्या, ते त्या उत्तम योजनेतही कसं उघड्यावर राहिलं.

हिशोब काय होता

विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन हे अमेरिकेतल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल. ते १९१० ते १९१३ अशी तीनच वर्षं बडोद्यात होते. तेवढ्या काळात ग्रंथालयांचं स्वतंत्र खातं उभं राहिलं, महाराजांच्या खासगी संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तकं पायाला धरून मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झालं, आणि १९११ साली ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग निघाला. तसा वर्ग त्याआधी हिंदुस्थानात नव्हता. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठीत निघू लागलं. बॉर्डन परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकरांनी काम पुढे नेलं, आणि नंतरच्या काळात न्यूटन मोहन दत्तांनी. दत्तांचं ‘बरोडा अँड इट्स लायब्ररीज’ हे १९२८ चं पुस्तक आजही आपल्यापैकी प्रत्येकाच्या तोंडी असतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा नियम होता. एखाद्या गावाने वाचनालयासाठी वर्षाला लोकवर्गणी जमवली, की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत घालणार आणि तेवढीच सरकार. मर्यादा ठरलेल्या होत्या : खेड्याला शंभर रुपयांपर्यंत, कसब्याला तीनशेपर्यंत, प्रांताच्या मुख्य गावाला सातशेपर्यंत. म्हणजे गावाने शंभर उभे केले की वाचनालयाच्या हाती तीनशे. इमारतीलाही साधारण हाच न्याय.

मी पंचवीस वर्षं एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात काढली, त्यामुळे या नियमातली एक गोष्ट मला चटकन डोळ्यांत भरली. हा पैसा दरवर्षीचा आहे. यंत्र विकत घ्यायला मॅनेजमेंटकडे नेहमीच पैसा असतो, फीत कापायला पाहुणा असतो, फोटो निघतो. त्याच यंत्राला दर तीन महिन्यांनी वंगण घालायला माणूस मागितला की ‘पुढच्या बजेटमध्ये बघू’. बडोद्याच्या योजनेने वंगणाची सोय आधी केली होती. गावाला दरवर्षी दारोदार जाऊन वर्गणी मागावीच लागत होती, त्यामुळे वाचनालय कोणाचं हा प्रश्न दरवर्षी पुन्हा सुटत होता. सरकारला दरवर्षी आपला हिस्सा द्यावा लागत होता, कारण गावाने आपला दिलेला होता.

साहित्यासाठीही महाराजांनी हीच पद्धत वापरली. दोन लाख रुपये बाजूला ठेवले आणि त्यांच्या व्याजातून ‘श्रीसयाजी साहित्यमाला’ आणि ‘बालज्ञानमाला’ चालवल्या, गुजरातीत आणि मराठीत. मुद्दल शाबूत, व्याजावर काम. याला दान म्हणायचं तर म्हणा. मला ही व्यवस्था एखाद्या चांगल्या इंजिनिअरने आखल्यासारखी वाटते.

आपल्या गौरव-लेखांत काचेच्या मजल्यांना एक पूर्ण परिच्छेद मिळतो. उजेड वरच्या मजल्यावरून खाली झिरपावा आणि आगीची भीती नसावी म्हणून पोलादी मांडण्या आणि काचेच्या जाड लाद्या. आहेच ते बघण्यासारखं. पण एक-तृतीयांशाच्या नियमाला जेमतेम एक ओळ मिळते. पुष्कळदा तीही नाही. वारसा म्हणून आपण मजले घेतले आणि नियम सोडून दिला.

योजनेत काय बसलं नाही

आता कौतुकाची दुसरी बाजू. ही योजना वाचकासाठी होती. कोणती पुस्तकं किती घरी गेली, पेटी कोणत्या गावी फिरली, वाचक किती वाढले, हे तिचं मोजमाप. १९०६ पासून सक्तीचं प्राथमिक शिक्षण सगळ्या संस्थानात लागू झालेलं; शाळेत शिकलेलं मूल पुढे अक्षर विसरू नये म्हणून वाचनालय. हेतू स्वच्छ होता आणि मोजमाप हेतूला धरून होतं.

पण स्थानिक इतिहासाचा कागद घरी जात नाही. वाचनालयाचा चाळीस वर्षांपूर्वीचा वार्षिक अहवाल कोण घरी नेणार? गणेशोत्सवाचा छापील जमाखर्च, नाटकाची हस्तपत्रिका, शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका, ज्ञातिसंस्थेची नियमावली, नगरपालिकेविरुद्ध काढलेलं चार पानी निवेदन, कोणाच्या तरी षष्ट्यब्दीचा गौरवांक. देवघेवीच्या आकड्यांत यांची किंमत शून्य. लोक वर्गणी देतात ती नव्या कादंबरीसाठी देतात, आणि लोकांच्या वर्गणीवर सरकारचा हिस्सा अवलंबून. मग जुना अहवाल जपायला पैसा यायचा कुठल्या वाटेने? त्या सुंदर हिशोबात या कागदांसाठी रकानाच नव्हता.

दुसरं असं की जुन्या गोष्टींसाठी बडोद्याने एक रकाना उघडला होता, तो हस्तलिखितांचा. मध्यवर्ती ग्रंथालयात संस्कृत विभाग होता. तिथूनच १९१६ साली ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’ सुरू झाली, राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’पासून. १९२७ मध्ये या विभागाची स्वतंत्र संस्था झाली, आपलं प्राच्यविद्या मंदिर. हस्तलिखितांना सूची मिळाली, संपादक मिळाले, जगात नाव मिळालं. राज्याच्या दफ्तरालाही माणूस मिळाला. चिमणरावांचे जनक चि. वि. जोशी यांनी बडोद्याच्या दफ्तराचं काम पाहिलं, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. रियासतकार सरदेसाई तर या संस्थानच्या चाकरीतलेच. म्हणजे इतिहासाची जाण कमी होती असं मुळीच नाही.

पण इतिहास म्हणजे पोथी किंवा सरकारी दफ्तर, अशी ती जाण होती. या दोहोंच्या मधला, लोकांनी स्वतः छापून वाटलेला कागद कोणाच्याच खात्यात आला नाही. तो कसाबसा वाचनालयांच्या कपाटांत साठला, कोणी मुद्दाम जमवला म्हणून नव्हे, तर कोणी टाकला नाही म्हणून.

यात कागदाचाही एक डाव आहे. जुन्नर किंवा दौलताबादकडचा हातकागद चिंध्यांचा. दोनशे-अडीचशे वर्षांचं मोडी पत्र आजही हातात घेऊन घडी उलगडता येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास झाला. त्याला तुरटी आणि राळेची खळ, त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद आतूनच जळतो. पिवळा होतो, मग तपकिरी, मग घडीवर तुटतो. बडोद्याचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट श्रावण-भादरवा या जळण्याला हातभार लावतात. आणि स्थानिक मंडळं आपली पत्रकं कशावर छापत? मिळेल त्या सर्वांत स्वस्त कागदावर. म्हणून बाजीरावाच्या काळची यादी वाचता येते आणि १९३५ सालच्या मेळ्याच्या पदांची पुस्तिका उघडताना हातात भुगा येतो. जे सर्वांत आपलं ते सर्वांत आधी जातं.

दोन हिस्से गळाले तेव्हा

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच वर्षी विद्यापीठ झालं आणि प्राच्यविद्या मंदिर त्याच्याकडे गेलं. मध्यवर्ती ग्रंथालय राज्य सरकारकडे. बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६०, गुजरात झाला. तीन हिश्शांचं जुनं गणित संस्थानाचं होतं. संस्थानच राहिलं नाही तेव्हा वाचनालयं राज्याच्या सर्वसाधारण अनुदानाच्या नियमांखाली आली. तीन पायांच्या तिवईचे दोन पाय एका पिढीत बदलले आणि उरलेला पाय, म्हणजे लोकवर्गणी, मराठी वाचनालयांच्या बाबतीत वर्षागणिक बारीक होत गेला. मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात गेली, घरं पोळीतून सोसायट्यांत गेली, पुष्कळ कुटुंबं पुण्याला गेली. यात कोणाचाही कट नव्हता. पण कोणी त्या जागी नवं गणितही मांडलं नाही.

‘अनुदान-कपात’ हा शब्द आपण वापरतो तेव्हा डोळ्यांसमोर एखादा आदेश येतो : इतके कमी केले. असा आदेश क्वचितच निघतो. कपात तीन वेगळ्या वेषांत येते, आणि आपल्या सगळ्या गावांत तिचे नमुने आहेत.

पहिला वेष, रक्कम गोठवणं. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचं उदाहरण घ्या. तिथे २०१२ च्या वाढीनंतर अनुदानाचे दर दहा वर्षं हलले नाहीत, २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली. पेढे वाटले गेले. पण वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर दहा वर्षांत १०० रुपयांची वस्तू १७९ ची होते. म्हणजे दहाव्या वर्षी ग्रंथालयाच्या हातातल्या १०० ची किंमत ५६ वर आलेली, आणि वाढीनंतरचे १६० सुद्धा १७९ ला पुरे पडत नाहीत. कोणी काही कापलं नाही, तरी कापलं गेलं.

दुसरा वेष, वसूल होऊन न पोचणं. कर्नाटकाचा ग्रंथालय कायदा १९६५ चा. मालमत्ता करावर ६ टक्के ग्रंथालय उपकर. तो वसूल करायचा नगरपालिकेने आणि द्यायचा ग्रंथालय खात्याला. हैदराबादकडे ८ टक्के. कायदा म्हणून हे आपल्या गुजरातच्या २००१ च्या कायद्यापेक्षा भक्कम, कारण आपल्या कायद्यात उपकरच नाही, महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यातही नाही. गोव्याने तर ग्रंथालय-निधी मद्यावरच्या अधिभाराशी जोडला. म्हणजे तिथे पिणारा वाचणाऱ्याला पोसतो म्हणायला हरकत नाही! पण उपकर गोळा होतो आणि ग्रंथालयांपर्यंत जाताना वाटेत थबकतो, ही बेळगाव आणि हैदराबादकडच्या मित्रांची तक्रार जुनीच आहे. शिवाय उपकराचा पैसा मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी. जुनी मराठी कागदपत्रं असतात ती बहुतेक लोकांनी चालवलेल्या वाचनालयांत.

तिसरा वेष सर्वांत शांत : माणूस निवृत्त होतो आणि जागा भरली जात नाही. कुठल्या कपाटात काय आहे हे त्या माणसाच्या डोक्यात असतं. बजेटच्या कागदावर ही बचत दिसते. प्रत्यक्षात त्या दिवशी सूचीच निवृत्त झालेली असते.

आमची चौदा शनिवारांची कमाई

आता माझी चूक सांगतो. शहरातल्या जुन्या भागातलं एक लहान मराठी वाचनालय. नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा एकट्याचा नाही. त्यांच्याकडे वरच्या खोलीत तीन कपाटं होती, वर सांगितलेल्या सगळ्या प्रकारच्या कागदांनी भरलेली. अनुदान पुरेना, जागेचं भाडं वाढलेलं, आणि वाचनालय सांभाळणारे काका सत्तरीच्या पुढचे. २०१३ मध्ये आम्ही पाच जणांनी ठरवलं, हे सगळं स्कॅन करून टाकू. माझाच पुढाकार. चौदा शनिवार आम्ही तिथे बसलो. दोन स्कॅनर, एक लॅपटॉप, मध्ये चहा. पंधराव्या शनिवारी छोटा कार्यक्रम झाला, भाषण मी केलं. ‘हा ठेवा आता अमर झाला’ असं काहीतरी बोललो. हसू नका.

दोन वर्षांनी जागा रिकामी करायची वेळ आली. काकांनी सेक्रेटरींना विचारलं, वरच्या कपाटांचं काय करू. सेक्रेटरी म्हणाले, “अहो, ते स्कॅन झालंय ना? मग पस्तीत द्या.”

मला हे कळलं तेव्हा दोन कपाटं गेली होती. तिसरं काकांनी आपल्या घरी नेऊन ठेवलं. मला म्हणाले, “तुमचं ते कॉम्प्युटरमध्ये आहे हे मला माहीत आहे हो. पण मला ते दिसत नाही ना.”

कॉम्प्युटरमध्ये तरी काय होतं? फाइलींची नावं स्कॅनरने दिलेली : ००१, ००२, ००३. कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यातला, याची नोंद नाही, कारण ‘यादी नंतर करू’ असं ठरलेलं. दोन डिस्कपैकी एक बंद पडली. दुसरी चालू आहे, पण तिच्यात पहिल्या नऊ शनिवारांचंच काम. आणि वेळ वाचावा म्हणून आम्ही ज्यांची मागची बाजू कोरी ‘वाटली’ ते कागद एकाच बाजूने घेतले होते. नाटकाच्या एका हस्तपत्रिकेच्या मागे पेन्सिलीने त्या रात्रीचा खर्च लिहिलेला होता : बत्त्या, टांगा, नायकिणीचं काम करणाऱ्या मुलाचं दूध. मी तो वाचलेला मला आठवतो. फाइल आहे ती पुढच्या बाजूची. छापलेला मजकूर वाचला, लिहिलेला गेला. छापलेल्याच्या पाचशे प्रती निघाल्या असतील, दुसरी कुठेतरी असेलही. पेन्सिलीतला खर्च एकच होता.

म्हणून मी म्हणतो, आमच्या स्कॅनिंगने तो संग्रह वाचवला नाही. तो टाकून द्यायला लागणारं कारण मात्र पुरवलं. पैसे कमी असलेल्या संस्थेला ‘डिजिटल झालं’ हे वाक्य फार सोयीचं असतं, कारण त्यानंतर जागा, कपाट, माणूस या तिन्हींचा खर्च बंद करता येतो. स्कॅनिंगला विरोध करायचा माझा हेतू नाही. गोव्याचं मध्यवर्ती ग्रंथालय बघा. ते १८३२ पासूनचं, आता कृष्णदास शामांच्या नावाचं आणि २०१२ पासून पाटोच्या नव्या इमारतीत. तिथे जुनी वृत्तपत्रं आणि दुर्मिळ पुस्तकं डिजिटल झाली आहेत, पण मूळ प्रतीही आहेत आणि त्या सांभाळणारं खातंही आहे. खातं आधी, स्कॅन नंतर. आम्ही उलटं केलं, खात्याच्या बदली स्कॅन.

‘वाचतं कोण?’ या प्रश्नाचं उत्तर

यावर एक रास्त आक्षेप येतो आणि तो मला एका ट्रस्टींनीच ऐकवला. “साहेब, पंख्याचं बिल भरायला पैसे नाहीत. वर्षात एक माणूस येतो ते जुने कागद बघायला. त्याच्यासाठी आम्ही भाडं भरू?” याला भावनेने उत्तर देऊ नये. त्यांचं म्हणणं हिशोबी आहे आणि हिशोब खोटा नाही.

माझं उत्तर असं : कादंबरी दुसऱ्या वाचनालयात मिळेल, नव्या आवृत्तीत मिळेल. ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा १९३१ चा राज्यकारभाराचा कोशसुद्धा भारतात अनेक ठिकाणी मिळेल. पण तुमच्या वाचनालयाचा १९२६ चा अहवाल तुमच्याशिवाय कुठेच नाही. तुमच्याकडची नव्वद टक्के पुस्तकं गेली तर वाचकाची गैरसोय होते. ही एक फळी गेली तर मराठी माणसं या शहरात कशी राहिली, काय खात-नाचत-भांडत होती, याचा पुरावा जातो. म्हणून पैसा कमी असेल तर काटकसर नव्या खरेदीत करा, त्या फळीवर नको. देवघेवीच्या आकड्याने या फळीचं मोल करणं म्हणजे अग्निशामक बंब वर्षात किती वेळा वापरला त्यावर त्याची किंमत ठरवणं.

आणि फळी जपायला लागतं ते फारसं महाग नाही, फक्त कंटाळवाणं आहे. सर्वांत खालचा खण रिकामा ठेवायचा. विश्वामित्रीचं पाणी २०१९ मध्ये आलं, २०२४ मध्ये आलं, पुन्हा येणार. भिजलेल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा कागद जमिनीपासून वर असणं हे पहिलं संवर्धन. टाचण्या आणि स्टेपल काढायचे, गंज कागद खातो. पारदर्शक चिकटपट्टी अजिबात लावायची नाही. ती दहा वर्षांत सुटते आणि डाग मागे ठेवते. प्लॅस्टिक लॅमिनेशन तर त्याहून वाईट, ते परत निघत नाही. फाटलं असेल तर पातळ टिश्यू आणि मैद्याची खळ, तेही येत असेल तर. नसेल तर कोरड्या पाकिटात ठेवून द्यायचं. कसर आणि वाळवीसाठी दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर कपाट पूर्ण रिकामं करून बघायचं. आणि हे सगळं करण्याआधी यादी. एक कागद, एक ओळ : क्रमांक, काय आहे, साल, पानं, मागे काही लिहिलंय का. यादीशिवाय स्कॅनर सुरू करायचा नाही, हे मी चौदा शनिवार देऊन शिकलो.

पैशांसाठी जुनाच नियम नव्याने मांडता येईल. तीन हिस्से : एक घराण्यांचा, म्हणजे ज्यांच्या आजोबांची नावं त्या अहवालांत आहेत त्या कुटुंबांचा, मग ती पुण्यात असोत की न्यू जर्सीत, एक संस्थेचा, आणि एक सरकारचा किंवा महानगरपालिकेचा. रक्कम लहान, पण दरवर्षीची, आणि ठरलेल्या कामासाठीच : या कपाटासाठी, या सूचीसाठी, आठवड्याला सहा तास येणाऱ्या या माणसासाठी. सरकारचा हिस्सा लगेच येणार नाही, हे मीही जाणतो. पण बडोद्याच्या नियमात सरकारची पाळी गावानंतर होती. गावाने शंभर ठेवल्याशिवाय मागायला तोंड नव्हतं. आपण गेली कित्येक वर्षं निवेदनं देतोय, आपला शंभरचा हिस्सा समोर ठेवून एकदाही मागितलेलं नाही. निवेदनात लिहितो की सरकारने लक्ष द्यावं. कशाकडे, याची यादी जोडत नाही, कारण ती नाही.

महाराजांच्या नावाने दरवर्षी व्याख्यान होतं. माझी सूचना एवढीच, की एक वर्ष व्याख्यानाचा खर्च या पहिल्या हिश्शाला द्यावा. हॉल, हार, श्रीफळ, चहा, फ्लेक्स. पाकिटं आणि दोन पत्र्याची कपाटं त्यात सहज येतील. महाराजांना वाईट वाटणार नाही.

काकांच्या घरचं तिसरं कपाट सध्या माझ्याकडे आहे, त्यांच्याच आग्रहाने. दर शनिवारी दोघं-तिघं बसतो. काका येतात, खुर्चीत बसून माणसांची नावं सांगतात, कारण गटफोटोंच्या खाली नावं नाहीत. यादी २१२ ओळींपर्यंत आली आहे. प्रत्येक ओळीत शेवटचा रकाना आहे, ‘मागची बाजू’. आतापर्यंत त्यातल्या ३७ ओळींत काहीतरी निघालंय. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते आम्हाला द्यावेत असं म्हणत नाही. आमच्याकडेही जागा नाही. घरीच ठेवा, जमिनीपासून वर ठेवा, आणि एक कागद एक ओळ अशी यादी करून तिची प्रत मंडळाला पाठवा. पुढच्या वर्षी निवेदन द्यायचं झालं तर त्याला जोडायला काहीतरी हवं.